मुभा आणि आज्ञा : एडिंबरोच्या वैद्यक-विद्यार्थिनींचे कागद

मुंबईच्या कामा रुग्णालयाचा पूर्वेतिहास पाहूं लागल्यास डॉ. ईडिथ पीची हें नांव आरंभींच भेटतें, डॉ. रखमाबाईंच्या चरित्रांतही तें टाळतां येत नाहीं. १८८३ च्या डिसेंबरांत मुंबईस उतरलेल्या या बाई १८६९ त स्कॉटलंडांतील एडिंबरो विश्वविद्यालयाच्या विद्यार्थिनी होत्या. वैद्यकाचें पुरें शिक्षण, त्यासाठीं लागणारा पैसा आणि रुग्णालयांतील प्रवेश या गोष्टींसाठीं त्यांनीं व त्यांच्या सहा सोबतिणींनीं तेथें जी झुंज दिली ती इंग्रजी वाचकांस 'एडिंबरोच्या सात' या नांवानें परिचित आहे. ती सांगणारे लेखक बहुधा १८ नोव्हेंबर १८७० च्या दंग्यापासून प्रारंभ करितात. चिखलफेक, तोंडावर आपटलेलें फाटक, परीक्षेच्या दालनांत ढकलून दिलेलें मेंढरूं, हा सर्व मजकूर चित्तवेधक खरा. परंतु आमच्या मतें दंगा हें फळ होय. मूळ त्याच्या एक वर्ष आधींच्या एका ठरावांत, व त्या ठरावांतीलही एका क्रियापदांत आहे. जुने कागद वाचण्याची ज्यांस संवय आहे त्यांना एका क्रियापदानें वतन राहतें किंवा जातें हें नव्यानें सांगावयास नको. म्हणून या प्रकरणाचे कागद येथें क्रमवार लावून पाहण्याचें योजिलें आहे.

प्रथम त्या वेळचा कायदा लक्षांत घेतला पाहिजे. १८५८ च्या वैद्यक कायद्यानें ब्रिटनांत डॉक्टरांची एक सरकारी नोंदवही सुरू झाली. त्या वहींत नांव चढण्यास ब्रिटनांतीलच एखाद्या विश्वविद्यालयाची किंवा वैद्यक-मंडळाची परीक्षा लागे. परदेशची नवी पदवी चालत नसे. स्त्रियांस मज्जाव करणारें कलम त्या कायद्यांत कोठेंही नव्हतें. पण परीक्षा घेणारी एकही संस्था स्त्रीस दारांत उभें करीत नव्हती, तेव्हां तसल्या कलमाची गरजही नव्हती. एलिझाबेथ ब्लॅकवेल यांचें नांव अमेरिकेच्या पदवीवर वहींत चढलें, तें कायद्यापूर्वींच त्यांनीं इंग्लंडांत वैद्यकी केली होती म्हणून. एलिझाबेथ गॅरेट यांनीं १८६५ त लंडनच्या अपॉथेकरींच्या मंडळाची परीक्षा दिली. त्यांच्या पाठोपाठ त्या मंडळानें नियम बदलून ती वाट बंद करून टाकिली. म्हणजे १८६९ सालीं जिला डॉक्टर व्हावयाचें असेल तिला उघडें असें एकही दार ब्रिटनांत उरलें नव्हतें.

अशा वेळीं सोफिया जेक्स-ब्लेक यांनीं एडिंबरोस अर्ज केला. या बाईंचा जन्म १८४० चा. लंडनच्या क्वीन्स कॉलेजांत त्यांनीं गणित शिकविलें होतें, आणि अमेरिकेंत बॉस्टन येथें डॉ. ल्यूसी स्यूअल यांच्या सहवासांत त्यांचें मन वैद्यकाकडे वळलें होतें. अर्ज मार्च १८६९ चा. त्याचा प्रवास समजण्यास एक खुलासा केला पाहिजे. एडिंबरो विश्वविद्यालयांत 'कोर्ट' म्हणून जें मंडळ आहे तें न्यायालय नव्हे. ती कारभारी सभा. सर्व प्रोफेसरांची सभा ती 'सिनेटस', वैद्यकाच्या प्रोफेसरांची सभा तिच्याहून निराळी, आणि पदवीधरांची 'जनरल कौन्सिल' आणखी निराळी. शहरांतील मोठें रुग्णालय 'रॉयल इन्फर्मरी' हें तर विश्वविद्यालयाच्या ताब्यांतच नव्हतें. वर्गणीदारांनीं निवडलेलें व्यवस्थापक-मंडळ तें चालवी. एका ठिकाणीं मिळालेला होकार दुसऱ्या ठिकाणीं नकार होऊन परत येई, याचें कारण ही रचना. आणि या बहुतेक सर्व सभांत एकच गृहस्थ हजर असत : औषधिशास्त्राचे प्रोफेसर रॉबर्ट क्रिस्टिसन. हे स्त्रियांच्या वैद्यक-शिक्षणाचे कट्टर विरोधक. आमच्याकडील दरबारांतही फड, दफ्तर व देवडी या तिन्ही ठिकाणीं ज्याचा माणूस बसला त्याच्या विरुद्ध अर्ज चालविणें किती कठीण असे, हें वाचकांस ठाऊक आहे.

पहिल्या अर्जास वैद्यक-शाखेनें व सिनेटसनें अनुकूल मत दिलें. कोर्टानें मात्र तो फेटाळला. कारण असें दिलें कीं, एकट्या बाईसाठीं तात्पुरती व्यवस्था करणें युक्त नाहीं. विरोधकांत सुमारे २०० विद्यार्थ्यांचाही एक अर्ज होता. जेक्स-ब्लेकबाईंनीं नकाराचें पत्र नीट वाचलें असावें असें म्हणावें लागतें. कारण त्यांनीं त्यांतील 'एकटी' हा शब्दच हातीं धरिला. एकटीसाठीं होत नसेल तर अनेकींसाठीं होईल काय, असा प्रश्न त्यांनीं केला, आणि वर्तमानपत्रांतून सोबतिणींस हांक दिली. इसाबेल थॉर्न, ईडिथ पीची, मटिल्डा चॅप्लिन व हेलन एव्हन्स अशा चौघी मिळाल्या. ऑक्टोबर १८६९ मध्यें प्रवेश-परीक्षा झाली. १५२ उमेदवारांत या पांच जणी होत्या, आणि पहिल्या सात नंबरांत त्यांतल्या चौघी आल्या. मेरी अँडर्सन व एमिली बोव्हेल या मागाहून येऊन मिळाल्या व सातांची संख्या पुरी झाली.

आतां नोव्हेंबर १८६९ चा तो ठराव. त्याचें पहिलें कलम स्त्रियांस वैद्यक शिकण्यास प्रवेश देतें. दुसऱ्या एका कलमांत त्यांचें शिक्षण केवळ स्त्रियांच्या वेगळ्या वर्गांतच व्हावें असें सांगितलें आहे. त्याला जोडून, असे वेगळे वर्ग घेण्याची प्रोफेसरांस 'मुभा' असावी, असें म्हटलें आहे. फीसंबंधीं कलम असें कीं, पुऱ्या पाठक्रमाची फी चार गिनी. पण विद्यार्थिनींची संख्या इतकी थोडी असेल कीं या दरानें प्रोफेसरांस वाजवी मोबदला मिळत नाहीं, तर कोर्टाच्या संमतीनें अधिक फी ठरवितां यावी. शेवटीं, हजेरी, परीक्षा इत्यादि बाबतींत विश्वविद्यालयाचे आजचे व पुढें होणारे सर्व नियम या स्त्रियांस लागू राहतील, असें कलम आहे.

वरवर पाहतां हा ठराव म्हणजे जयपत्र होय, आणि त्या वेळीं तसा तो समजलाही गेला. परंतु दोन कलमें शेजारी ठेवून वाचावीं. विद्यार्थिनीनें वेगळ्या वर्गांतच बसावें ही आज्ञा. प्रोफेसरांनीं वेगळा वर्ग घ्यावा ही मात्र आज्ञा नव्हे, मुभा. आमच्याकडील सनदांत 'चालवावें' आणि 'चालूं द्यावें' यांत जो भेद, तोच हा. ज्या प्रोफेसरास शिकवावयाचें नाहीं त्याला नकार देण्याचीही गरज राहिली नाहीं. त्यानें मुभेचा उपयोग केला नाहीं म्हणजे झालें. आणि सामान्य वर्गांत जावें तर आज्ञा आडवी. चार वर्षांत जें जें घडलें तें सर्व या एका सांध्यांतून निघालेलें आहे.

पैशाचेंही तसेंच. चार गिनींचें कलम उदार दिसतें, पण पांच-सात जणींच्या वर्गांत तो दर चालणें शक्य नव्हतें, हें लिहिणाऱ्यांस ठाऊक असलेंच पाहिजे; त्याशिवाय 'पण' या शब्दानें सुरू होणारा पुढचा भाग लिहिला गेला नसता. प्रत्येक विषयास अनुकूल शिक्षक शोधावा, त्याला खाजगी रीतीनें राजी करावें, त्याची रक्कम आपसांत भरावी, आणि इतकें करून पुढल्या वर्षीं तो राहीलच याची खात्री नाहीं. पुरुष विद्यार्थ्यास जें दार फी भरतांच उघडे तेंच दार या स्त्रियांस प्रत्येक विषयागणिक नव्यानें विकत घ्यावें लागे.

होप शिष्यवृत्तीचें प्रकरण आम्ही थोडें विस्तारानें देतों, कारण ठरावाचा खरा अर्थ त्यांत प्रथम उघड झाला. १८७० च्या वसंतांत रसायनाची परीक्षा झाली. त्या वर्षीं प्रथमच त्या विषयास बसलेल्यांत पीचीबाईंचा नंबर पहिला आला. त्या मानानें होप शिष्यवृत्ती व प्रयोगशाळेचा विनामूल्य उपयोग हीं त्यांस मिळावयाचीं. प्रोफेसर क्रम ब्राउन यांनीं ती शिष्यवृत्ती खालच्या नंबराच्या विद्यार्थ्यास दिली. कारण असें कीं, बाई वेगळ्या वेळीं वेगळ्या वर्गांत शिकल्या, सबब त्या 'वर्गां'तल्या नव्हेत. वेगळे बसा ही आज्ञा ज्यांनीं दिली त्यांनींच वेगळे बसलां हा दोष काढला! याच तर्कानें त्यांना जे हजेरीचे दाखले मिळाले तेही 'स्त्रियांच्या वर्गा'चे म्हणून. पदवीस ते निरुपयोगी. विद्यार्थिनींनीं सिनेटसकडे दाद मागितली. सिनेटसनें दोन निकाल दिले. नेहमींचे दाखले द्यावे, हा एका मताच्या आधिक्यानें. आणि शिष्यवृत्ती देऊं नये, हाही एका मताच्याच आधिक्यानें. दाखल्यापुरती ती बाई वर्गांतली, आणि पैशापुरती वर्गाबाहेरची! इतका उघड परस्परविरोध एकाच बैठकीच्या कागदांत क्वचितच सांपडावा. यांत आणखी एक योग असा कीं, ही शिष्यवृत्ती स्थापन करणारे प्रोफेसर होप यांनीं सुमारे चाळीस वर्षांपूर्वीं स्त्रियांपुढें रसायनाचीं लोकप्रिय व्याख्यानें दिलीं होतीं, आणि शिष्यवृत्तीची मूळ रक्कम त्या व्याख्यानांच्या फीचीच होती.

या अन्यायाचा एक लाभ झाला. तोंपर्यंत थोड्यांस माहीत असलेलें प्रकरण देशभर वर्तमानपत्रांत गाजलें. एडिंबरोचें 'स्कॉट्समन' पत्र पहिल्यापासून विद्यार्थिनींच्या बाजूचें होतें. त्याचे संपादक अलेक्झांडर रसेल यांच्याशीं पुढें हेलन एव्हन्स यांचा विवाह झाला. विश्वविद्यालयांत इंग्रजी वाङ्मयाचे प्रोफेसर डेव्हिड मॅसन हे त्यांचे मोठे पुरस्कर्ते. स्त्रियांस सामान्य वर्गांतच बसूं द्यावें, म्हणजे मुभेचा प्रश्नच मिटेल, अशी सूचना मॅसन यांनीं जनरल कौन्सिलांत मांडिली, ती पडली.

पुढील अडचण शरीरशास्त्राची. विश्वविद्यालयाबाहेरील मान्य शिक्षकांकडे चार विषयांपर्यंत शिकण्याची सवलत नियमांत होती. तिचा आधार घेऊन विद्यार्थिनी सर्जन्स हॉल येथें डॉ. हँडिसाइड यांच्या वर्गास जाऊं लागल्या. पण सर्व वैद्यक-प्रोफेसरांनीं मुभा न वापरण्याचें ठरविल्यावर चार विषयांनीं काय भागणार? तीच सवलत अधिक विषयांस वाढवून देण्यास कोर्टानें नकार दिला. त्याच सुमारास इन्फर्मरीचे वॉर्ड पाहण्याची परवानगीही नाकारण्यांत आली. रोग्याच्या खाटेपाशीं उभें राहून घेतलेल्या शिक्षणाचा दाखला पदवीस आवश्यक होता. म्हणजे वॉर्डाचें दार बंद झालें कीं बाकीचें सर्व शिकणें पाण्यांत.

याच पार्श्वभूमीवर १८ नोव्हेंबर १८७० चा दंगा पाहिला पाहिजे. त्या दिवशीं शरीरशास्त्राच्या परीक्षेसाठीं विद्यार्थिनी सर्जन्स हॉलपाशीं आल्या, तेव्हां दारूच्या बाटल्या व चिखल घेऊन मोठा जमाव रस्ता अडवून उभा होता. फाटक बंद केलें गेलें; आंतल्या एका अनुकूल विद्यार्थ्यानें तें उघडलें. परीक्षा चालू असतां आवारांतलें पाळीव मेंढरूं आंत लोटण्यांत आलें. तें राहूं द्या, बाहेरच्या मंडळींपेक्षां त्याला अक्कल अधिक आहे, अशा अर्थाचें डॉ. हँडिसाइड बोलले. त्यानंतर कांहीं दिवस आयरिश विद्यार्थ्यांची एक तुकडी या बाईंना घरापर्यंत पोंचवीत असे. दंग्याची हकीकत एवढीच; तिचा खर्च मात्र पुढें फार झाला. १८७१ च्या जानेवारींत इन्फर्मरीच्या वर्गणीदारांपुढें बोलतांना जेक्स-ब्लेकबाईंनीं दंग्यांत क्रिस्टिसन यांचा वर्गसहायक पुढें होता असें सांगितलें. त्यानें अब्रूनुकसानीचा दावा लाविला. ज्यूरीनें त्यास भरपाई दिली ती एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी! पण दाव्याचा खर्च बाईंच्या माथीं आला, आणि तो ९०० पौंडांवर गेला. लोकांनीं वर्गणी करून तो फेडला. पाव पेनीच्या निकालाची वसुली कशी होते हें पाहण्यासारखें आहे.

इन्फर्मरीची लढाई याहून मनोरंजक, व आमच्या समजुतीनें अधिक महत्त्वाची आहे. रुग्णालय वर्गणीवर चाले. वर्गणीदारांत जसे डॉक्टर व जमीनदार तशा शहरांतील व्यापारी पेढ्याही होत्या. १८७२ च्या आरंभीं व्यवस्थापकांची निवडणूक झाली, तींत पेढ्यांचीं मतें मुख्यत्वें विद्यार्थिनींच्या बाजूस पडलीं व त्यांच्या बाजूचे व्यवस्थापक निवडून आले. लागलीच विरोधकांनीं हरकत घेतली : पेढी म्हणजे माणूस नव्हे, तिला मत कसलें? वर्गणी घेतांना वर्षानुवर्षें ही शंका कोणास आली नव्हती. प्रकरण न्यायालयांत गेलें; पेढ्यांचीं मतें ग्राह्य ठरलीं; आणि १८७२ च्या अखेरीस कांहीं ठराविक खाटांपुरता, ठराविक वेळीं, विद्यार्थिनींस प्रवेश मिळाला. दुकानदारांच्या वर्गणीनें जें झालें तें विद्वानांच्या सभांनीं झालें नव्हतें.

तोंवर विश्वविद्यालयाकडून एक तडजोड पुढें आली होती. पदवीचा हक्क सोडून द्याल तर 'प्राविण्याचे दाखले' देण्याचा विचार करूं, असें कोर्टानें जानेवारी १८७२ त कळविलें. १८५८ चा कायदा वाचकांच्या स्मरणांत असेलच. प्राविण्याच्या दाखल्यानें नोंदवहींत नांव चढत नाहीं. विद्यार्थिनींनीं तो देकार नाकारला व न्यायालयांत दावा केला. मागणें असें कीं, आम्हांस प्रवेश दिला आहे, फी घेतली आहे, सर्व नियम लागू केले आहेत. तेव्हां शिक्षण पुरें करण्याची सोय करून देणें विश्वविद्यालयास बंधनकारक आहे. जुलै १८७२ मध्यें लॉर्ड गिफर्ड यांनीं निकाल विद्यार्थिनींच्या बाजूनें दिला. प्रवेशाच्या कलमाबरोबर त्या प्रवेशाचें फलही द्यावें लागतें, हा त्याचा इत्यर्थ. मुभा दिलेल्यानें मार्गही मोकळा ठेवला पाहिजे, असा हा अर्थ होता.

विश्वविद्यालयानें अपील केलें. जून १८७३ मध्यें वरिष्ठ न्यायाधीशांनीं थोड्या बहुमतानें तो निकाल फिरविला. त्यांनीं 'मुभा' शब्दाचा कीस काढण्याऐवजीं ठरावाच्या मुळावरच घाव घातला : स्त्रियांस प्रवेश देण्याचा अधिकार कोर्टास मुळींच नव्हता, म्हणून १८६९ चा ठरावच रद्दबातल. देणाराच अनधिकारी, मग देणगीच्या शर्तींचा वाद कसला? दोन्ही बाजूंचा खर्च विद्यार्थिनींवर बसला. तो ८०० पौंडांहून अधिक. ज्यांनीं ठराव केला, फी घेतली व चार वर्षें परीक्षा घेतल्या त्यांच्यावर मात्र कांहींच बसलें नाहीं. या निकालाचे कायद्याचे आधार कांहींही असोत, त्याचा हा भाग आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

येथून एडिंबरोचा अध्याय संपतो. १८७४ च्या शरदांत लंडनांत स्त्रियांसाठीं स्वतंत्र वैद्यक-विद्यालय निघालें. पहिल्या १४ विद्यार्थिनींत १२ एडिंबरोहून आलेल्या होत्या. शिक्षक मिळाले, परंतु तीन वर्षें रुग्णालय मिळेना व परीक्षा घेणारें मंडळ मिळेना. १८७६ त पार्लमेंटनें रसेल गर्नी यांच्या पुढाकारानें कायदा केला. या कायद्याचा शब्द कोणता? पुन्हां मुभा! परीक्षा घेणाऱ्या संस्थांनीं स्त्रियांस घ्यावें असें नव्हे, घेण्यास हरकत नसावी. एकोणीस संस्थांत मुभेचा उपयोग प्रथम केला तो डब्लिन येथील आयरिश वैद्यमंडळानें. स्वित्झर्लंडांत बर्न येथें पदवी घेऊन जेक्स-ब्लेक व पीची यांनीं १८७७ त डब्लिनची परीक्षा दिली आणि नोंदवहींत नांवें चढविलीं. त्याच वर्षीं लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयानें विद्यार्थिनींस वॉर्ड उघडले, तेही विद्यालयानें त्याचें द्रव्यनुकसान भरून देण्याची हमी घेतल्यावर. इसाबेल थॉर्न यांनीं लंडनच्या विद्यालयाचें चिटणीसपण पत्करलें आणि स्वतः परीक्षा कधींच दिली नाहीं. असे लोक इतिहासाच्या समासांत राहतात.

येथें एक अवांतर गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. जेक्स-ब्लेकबाईंनीं १८८६ त एडिंबरोस स्वतःचें स्त्री-वैद्यक-विद्यालय काढलें. शिस्त अत्यंत कडक. रुग्णालयांत ठरल्या वेळेनंतर थांबल्याच्या कारणावरून निर्माण झालेल्या वादांत कॅडेल आडनांवाच्या दोघी बहिणींस त्यांनीं काढून टाकिलें. बहिणी न्यायालयांत गेल्या व जिंकल्या. एल्सी इंग्लिस या विद्यार्थिनीनें १८८९ त प्रतिस्पर्धी विद्यालय उभें केलें, आणि जेक्स-ब्लेकबाईंचें विद्यालय १८९८ त बंद पडलें. रोग्याजवळ अधिक वेळ मिळावा म्हणून जिनें लढा दिला तिच्याच दारांत त्याच कारणासाठीं विद्यार्थिनी भांडल्या. चरित्रकारांनीं हें प्रकरण झांकूं नये.

आतां मुंबईकडे वळूं. मद्रासच्या वैद्यक-विद्यालयानें १८७५ तच चार स्त्रियांस घेतलें होतें. मुंबई त्यामानानें मागें होती. परंतु मुंबईचा क्रम पाहण्यासारखा आहे. अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज व सोराबजी शापूरजी बेंगाली यांनीं हिंदुस्थानांतील स्त्रियांस स्त्री-डॉक्टर मिळावेत म्हणून फंड उभारला. त्यांनीं प्रथम पैसा जमविला. विलायतेहून स्त्री-डॉक्टर आणून त्यांच्या पगाराची हमी घेतली. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीनें रुग्णालयाचा पाया २२ नोव्हेंबर १८८३ रोजीं घातला गेला व तें स्त्री-डॉक्टरांच्याच हातीं असावें असें ठरविलें. आणि याच बरोबर ग्रँट मेडिकल कॉलेजांत विद्यार्थिनींस प्रवेश मिळविला. पैसा, खाटा, शिक्षक, आणि मग विद्यार्थिनी. एडिंबरोस याच्या नेमकें उलट : प्रथम विद्यार्थिनी, मग शिक्षकाचा शोध, मग खाटांसाठीं निवडणूक, आणि सर्वांच्या शेवटीं कर्जाचा आंकडा. हा उलटा क्रम केवळ योगायोग नव्हे असें आम्ही समजतों. फंडानें निवडून आणलेली पहिली डॉक्टर पीचीबाई होती, आणि कोणती पायरी आधीं बांधावी हें तिच्याइतकें अनुभवानें कोणास ठाऊक असणार?

शब्दाचा प्रश्नही मुंबईनें सोप्या रीतीनें सोडविला. विश्वविद्यालयाचे नियम पुल्लिंगी सर्वनामांत लिहिलेले होते. १८८३ त सेनेटनें ठराव केला कीं, त्या सर्वनामांनीं स्त्री व पुरुष दोन्ही समजावेत. वेगळा वर्ग नाहीं, वेगळी फी नाहीं, मुभा नाहीं. एका सर्वनामाचा अर्थ सांगितला व काम झालें. मुंबईची सामाजिक परिस्थिति एडिंबरोहून अनुकूल होती असें म्हणण्याचा आमचा आशय नाहीं. आनंदीबाई जोशी याच वर्षीं अमेरिकेस गेल्या, आणि एकट्या स्त्रीनें परदेशीं जाण्यावर काय काय बोललें गेलें तें मराठी वाचकांस सांगावयास नको. कागदापुरतें पाहतां मात्र मुंबईचा कागद स्वच्छ होता.

रखमाबाईंचा खटला १८८४ ते १८८८ पर्यंत चालला. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजाशीं संबंध असलेले नामांकित डॉक्टर. ते १८८५ त वारले. पुढें वैद्यक शिकण्याच्या रखमाबाईंच्या निश्चयास पीचीबाईंनीं पाठबळ दिलें, आणि १८८९ त त्या लंडनच्या त्याच स्त्री-विद्यालयांत गेल्या, जें एडिंबरोहून निघालेल्या विद्यार्थिनींनीं वसविलें होतें. इंग्लंडांत त्यांस आधार दिला तो ईव्हा व वॉल्टर मॅक्लॅरेन या दांपत्यानें. वॉल्टर हे एडिंबरोचे पार्लमेंट-सभासद डंकन मॅक्लॅरेन यांचे पुत्र. त्या घराण्यानें १८७० च्या सुमारास सात जणींची बाजू घेतली होती. म्हणजे एडिंबरोच्या पराभवांतून जोडलेलीं माणसें वीस वर्षांनीं मुंबईच्या एका मुलीच्या उपयोगीं पडलीं. रखमाबाई १८९४ त डॉक्टर झाल्या, परत येऊन सुरत व राजकोट येथें त्यांनीं रुग्णालयें चालविलीं, आणि १९५५ त त्यांचें देहावसान झालें.

एडिंबरो विश्वविद्यालयानें ६ जुलै २०१९ रोजीं सातही जणींस मरणोत्तर सन्मान्य पदव्या दिल्या. त्यांच्या वतीनें त्या स्वीकारण्यास तेथील त्या वेळच्या वैद्यक-विद्यार्थिनी उभ्या होत्या.

शेवटीं कागदांविषयीं. जेक्स-ब्लेकबाई रोजनिशी व पत्रें जपून ठेवीत. त्यांच्या सहचारिणी डॉ. मार्गारेट टॉड यांनीं त्या संग्रहावरून १९१८ त मोठें चरित्र प्रसिद्ध केलें. आणि नंतर, बाईंच्या इच्छेप्रमाणें, मूळ कागद नष्ट करण्यांत आले. जें चरित्रांत उतरलें तेवढें राहिलें. पीचीबाईंचीं एडिंबरोच्या दिवसांतलीं कित्येक पत्रें आज त्या छापील पानांतूनच वाचावीं लागतात. ठराव, निवाडे व सभांचे वृत्तांत सरकारी व संस्थांच्या दफ्तरांमुळें वांचले, म्हणूनच वर दिलेली कलमांची छाननी शक्य झाली. मुंबईच्या बाजूस किट्रेज यांनीं १८८९ त फंडाचा संक्षिप्त इतिहास छापला, तो मुख्य आधार होय. पण त्या फंडास वर्गणी देणाऱ्या घराण्यांच्या जमाखर्चाच्या वह्या, पावत्या, आणि ग्रँट मेडिकल कॉलेजांत प्रारंभीं शिकलेल्या स्त्रियांचे दाखले व पत्रें हीं खाजगी दफ्तरांत असण्याचा संभव आहे. असे कागद बहुधा घरखर्चाच्या रुमालांत बांधलेले असतात व रद्दीबरोबर जातात. आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या संग्रहीं ते असल्यास त्यांनीं निदान यादी करून ठेवावी, आणि नक्कल करूं द्यावी.